उठायचं नाही, खाली जायचं

चौथ्या दिवशी नवऱ्याचा उजवा अंगठा वांग्यासारखा दिसायला लागला आणि त्याने राजीनामा दिला. तसा तो कॉलेजात क्रिकेट खेळलेला, स्लिपमध्ये उभा राहायचा. त्यामुळे लेकीचे चेंडू पकडायचं काम त्याने मोठ्या तोऱ्यात अंगावर घेतलं होतं. पण झेल दोन्ही हातांनी घ्यायची जुनी खोड. डाव्या हातात मिट, म्हणजे चेंडू झेलायचा जाड हातमोजा, असला तरी उजवा हात आपोआप पुढे यायचा. सॉफ्टबॉलचा चेंडू घेराने १२ इंच, मोसंबीहून मोठा, क्रिकेटच्या चेंडूहून वजनदार. हा खेळ पहिल्यांदा खेळला गेला तेव्हा चेंडू म्हणून दोरीने आवळलेला बॉक्सिंगचा ग्लोव्ह वापरला होता. तो मऊ असेल. आताच्या चेंडूत मऊ काही नाही, हे त्या अंगठ्याने सिद्ध केलं. पुढचे दोन आठवडे माणसाला शर्टाची बटणं लावता येईनात, आणि कोराडीच्या वीज केंद्रात ड्युटीवर जो तो विचारी, दारात सापडला का?

मग तात्पुरतं म्हणून लेकीसमोर चेंडू घ्यायला मी बसले. त्याला आता वर्ष होईल.

आईबापाने का बसायचं, हे आधी सांगते, कारण शेजारणींनी मला हे शंभरदा विचारलं आहे. क्रिकेटची बोलर एकटी स्टंप रोवून सराव करू शकते. सॉफ्टबॉलच्या पिचरचं, म्हणजे चेंडू टाकणारीचं, तसं नाही. तिला समोर कुणीतरी बसलेलं लागतं, जे चेंडू पकडेल, परत फेकेल आणि तो पट्ट्यात, म्हणजे बॅटरसमोरच्या ठरलेल्या चौकटीत, आला की नाही ते सांगेल. भिंतीवर टाकला तर परत येतो खरा, पण भिंत काही सांगत नाही. शाळेच्या संघात असं बसणारी, म्हणजे कॅचर, मुलगी आहे, पण ती राहते वाडीला, आम्ही नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात, आणि संघाचा सराव आठवड्यातून तीनच दिवस. सरांनी पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं होतं, "पिचर व्हायचं असन तं रोज बॉल टाका लागते. घरचं कोणी बसत असन तर बघा."

घरचं कोणी म्हणजे मी. आणि मला थोडी घमेंडही होती, खोटं कशाला बोलू. शाळेत सहा वर्षं खो-खो खेळले. उकिडवं बसणं मला नवं नव्हतं. बेचाळिसाव्या वर्षीसुद्धा भाजी निवडायला मी पाटावर नाही, तशीच उकिडवी बसते. म्हटलं, बसायचंच तर आहे.

सामान गोळा करणं हे एक वेगळंच प्रकरण झालं. बर्डीच्या बाजारात तीन दुकानं हिंडलो. पहिल्याने सॉफ्टबॉल म्हटल्यावर टेनिसचा चेंडू काढला, दुसऱ्याने विकेटकीपरचे ग्लोव्ह दाखवले आणि "यातच होऊन जाते" असं वर सांगितलं. नाही होत. कीपरला दोन ग्लोव्ह असतात, कॅचरला एकच, डाव्या हाताचा. त्याला बोटं वेगळी नसतात. जाड गादीसारखा गोल मिट असतो आणि अंगठा व तर्जनीच्या मधे चामड्याची जाळी. चेंडू त्या जाळीजवळच्या खोबणीत घ्यायचा असतो, तळव्यावर नाही. शेवटी मेरठहून मागवला. मास्क, छातीचं आणि नडगीचं गार्ड शाळेच्या जुन्या संचातलं मिळालं. त्यातल्या पट्ट्या इतक्या सैल होत्या की एका गार्डाला मी परकराची नाडी ओवली आहे, ती अजून तशीच आहे.

नवा मिट लाकडासारखा असतो, मिटतच नाही. सर म्हणाले, हलकं तेल लावा, आत चेंडू ठेवा, बांधा आणि दाबून ठेवा. नवऱ्याला बॅटला जवसाचं तेल लावायची आठवण झाली, पण मी खोबरेलवर थांबवलं. चार थेंब, साडीच्या फॉलने करकचून बांधणी, आणि आठ रात्री आमच्या गादीखाली. दोघांच्याही पाठीत तो चेंडू टोचत होता.

सुरुवात ४३ फुटांवरून नाही करायची. हे अंतर मोठ्या मुलींच्या सामन्यातलं, पिचरच्या पाटीपासून बॅटर उभी राहते त्या होम प्लेटपर्यंतचं. आम्ही दहा फुटांवरून सुरू केलं, अंगणात. हात गोल फिरवायचाही नाही, नुसतं मनगट मांडीजवळ झटकायचं. मग पंधरा फूट, हात खांद्यापर्यंत मागे. मग पाऊल टाकून. मग पूर्ण पवनचक्की, म्हणजे हात गोल फिरवून. तोवर अंगण संपलं आणि आम्ही ले-आउटमधल्या कोपऱ्याच्या रिकाम्या प्लॉटवर गेलो. मालक पुण्याला असतात. बाभळी तोडून, दगड वेचून आम्ही दोघींनी तेरा मीटरचा पट्टा साफ केला. माती काळी. हिवाळ्यात ती बरी, मऊसर. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, आणि भेगेच्या काठावर चेंडू आपटला की कुठे जाईल ते देवालाही ठाऊक नसतं. पावसाळ्यात तर प्लॉट सोडाच, तेव्हा आम्ही बहिणीच्या फ्लॅट स्कीमच्या पार्किंगमध्ये जायचो. तिथे गाड्यांच्या काचा वाचवायला माझ्यामागे जुनी गादी उभी करायचो.

लेकीचे बूट हाही खर्चाचा धक्का होता. पिचर पाऊल टाकते तेव्हा मागचा पाय जमिनीवरून फरफटत येतो, त्यामुळे उजव्या बुटाचं टोक महिनाभरात उघडं पडलं. चौकातल्या मोच्याने ते पाहून विचारलं, "पोरगी सायकलीले पायानं ब्रेक लावते का जी?" मग टायरच्या ट्यूबचा तुकडा कापून त्याने टोकावर असा शिवून दिला की आता संघातल्या दुसऱ्या पिचरचे बूटही त्याच्याकडेच जातात.

पहिले दोन महिने बरे गेले असं मला वाटत होतं. तळहात दुखायचा. जाळीत न येता चेंडू बोटांच्या बुडाशी आला की हात झिणझिणायचा, पोळ्या लाटताना जाणवायचं. संक्रांतीत एका घरी हळदीकुंकवाला गेले. त्यांच्याकडे बांगड्या भरायचा कार्यक्रम होता. माझ्या डाव्या हातात बांगडी जाईना, आणि मनगटाच्या वर टप्पा पडून लागलेल्या चेंडूचा निळा-पिवळा डाग. बांगड्या भरणाऱ्या काकूंनी हात तसाच धरून ठेवला, आवाज खाली आणला आणि विचारलं, "घरी सगळं ठीक हाय नं, बाई?" मी म्हटलं, पोरीने मारलं. ते ऐकून त्या आणखीच गंभीर झाल्या. तिळगूळ खाऊन संपेपर्यंत मी सॉफ्टबॉल समजावत होते. पटलं असेल असं वाटत नाही, कारण त्या आठवड्यात सासूबाईंना दोन फोन आले.

पण खरी गोष्ट फेब्रुवारीत कळली, तीही बेकार बसलेल्या नवऱ्यामुळे. अंगठा गेल्यापासून तो छायाचित्रण खात्यात होता. त्याच्या फोनमध्ये संथगतीचं चित्रण होतं, सेकंदाला २४० चित्रं. एका शनिवारी त्याने संघाच्या मैदानावर लेकीचं पिचिंग टिपलं, समोर वाडीची ती मुलगी. रविवारी आमच्या प्लॉटवर, समोर मी. दोन्हीकडे अंतर ४३ फूटच. रात्री तो चष्मा लावून एकेक चित्र मोजत बसला. चेंडू हातातून सुटल्यापासून मिटमध्ये जाईपर्यंत मैदानावर १४४ चित्रं, प्लॉटवर १६८. म्हणजे तिथे ०.६ सेकंद, इथे ०.७. पिचर पाऊल पुढे टाकून चेंडू सोडते, म्हणून अंतर साडेअकरा मीटर धरलं. नववीच्या पुस्तकातला हिशोब. मैदानावर ताशी ६९ किलोमीटर, माझ्यासमोर ५९.

मला आधी वाटलं, घरी आळस करते. तिला बोलावून जरा कडकच विचारलं. ती गप्प. मग बाबांच्या हातातला फोन घेतला, रविवारचं चित्रण पुढे सरकवलं आणि माझ्यासमोर धरलं.

"तू डोळे मिटतेस, आई."

खरंच मिटत होते. चेंडू माझ्यापासून दोन हातांवर आला की मास्कच्या जाळीमागे डोळे घट्ट बंद आणि हनुवटी डावीकडे. प्रत्येक वेळी. चेंडू मिटमध्ये येत होता तो लेक नेमका मिटवर टाकत होती म्हणून. मी पकडत नव्हतेच, मी फक्त हात धरून बसले होते. आणि तिला ते दोन महिने दिसत होतं. चौदा वर्षांची पोर आईला लागू नये म्हणून हात आखडून टाकत होती, आणि मी रोज वहीत शंभर चेंडू झाले म्हणून खूण करत होते. शंभर संथ चेंडू. शरीर तेच शिकतं.

त्या रात्री मी जेवले नाही असं काही नाही, जेवले. पण वाईट वाटलं. नवऱ्याने समजूत काढायला म्हटलं, कुणीही मिटेल. मी म्हटलं, वाडीची मुलगी नाही मिटत.

दुसऱ्या दिवशी सरांकडे गेले. ते हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. म्हणाले, पापणी धाकानं मिटते, तिले सांगून उपयोग नाही, तिले सवय लावा लागते. त्यांनी उपाय दिला तो असा: मास्क, छातीचं गार्ड, सगळं चढवायचं. दोन्ही हात पाठीमागे बांधायचे. समोरून कुणीतरी टेनिसचे चेंडू थेट मास्कवर फेकायचे. हलायचं नाही, वळायचं नाही, चेंडूवर छापलेलं अक्षर वाचायचा प्रयत्न करायचा. रोज पन्नास.

फेकायला कोण? नवरा. अठरा वर्षांच्या संसारात त्याच्या चेहऱ्यावर इतका निर्मळ आनंद मी पाहिला नव्हता. सकाळी साडेसहाला आमच्या अंगणात मी चिलखत घालून, हात मागे घेऊन उकिडवी बसलेली आणि हा बादलीतून एकेक चेंडू काढून माझ्या तोंडावर मारतोय. समोरच्या गॅलरीतल्या काकू तुळशीला पाणी घालायला आल्या त्या घालतच राहिल्या, कुंडी वाहून गेली. "अवं बाप्पा, काय करून राहिले तुम्ही?" मी मास्कमधून ओरडले, "सराव!" संक्रांतीच्या बातमीत भर.

पहिल्या दिवशी पन्नासच्या पन्नास वेळा डोळे मिटले. आठवड्याने पंचवीस-तीस. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस चेंडू नाकासमोर जाळीवर आदळला आणि मला त्याच्या लोकरीचा पिवळा रंग, त्यावरची पांढरी शिवण, सगळं दिसलं. अगदी निवांत दिसलं. मी नवऱ्याला थांबवून हे सांगितलं, तर तो म्हणाला, झालं का मग, बंद करायचं? थोडा खट्टू झाला होता.

मार्चमध्ये प्लॉटवर पुन्हा चित्रण केलं. १४६ चित्रं.

मला वाटलं, सुटलो. पण तेवढ्यात सरांनी तिला ड्रॉप शिकवायला घेतला. यात चेंडू सोडताना बोटं त्याच्या मागून वर ओढली जातात, त्यामुळे तो पुढच्या अंगाने गरगरतो आणि प्लेटजवळ येऊन खाली पडतो. जमला तर बॅटरची बॅट त्याच्या वरून हवेतच फिरते. शिकताना मात्र तो प्लेटच्या आधीच मातीत शिरतो आणि उसळून कॅचरच्या अंगावर येतो. असा चेंडू पकडायला जायचंच नसतं. दोन्ही गुडघे एकदम जमिनीवर टाकायचे, मधली फट मिटने बुजवायची, खांदे पुढे वळवायचे, हनुवटी छातीला लावायची आणि चेंडू छातीवर घेऊन समोरच पाडायचा. मागे जाता कामा नये. कारण या खेळात एक गमतीचा नियम आहे: तिसरी स्ट्राइक होऊन बॅटर बाद ठरली तरी कॅचरच्या हातून चेंडू निसटला, आणि पहिला बेस रिकामा असला किंवा दोघी बाद झालेल्या असल्या, तर बॅटर पहिल्या बेसकडे पळू शकते. म्हणजे पिचरने कमावलेला बळी कॅचर घालवू शकते. मैदानावर हे होताना मी पाहिलं आहे, पिचरचा चेहरा बघवत नाही.

आणि इथे माझ्या खो-खोने मला दगा दिला. खो-खोत उकिडवं बसायचं ते उठण्यासाठीच. पाठीत खो बसला की पायाच्या चवड्यांवरून सुटायचं, पुढे आणि वर. सहा वर्षं घोटलेलं अंगात इतकं मुरलं होतं की चेंडू जमिनीला लागल्याचा आवाज आला की मी उठायची. मी वर, चेंडू खालून पायांमधून मागे, नालीत. नालीतून चेंडू काढणं हा आमच्याकडे स्वतंत्र व्यायाम होता. सर एकदा प्लॉटवर येऊन पाहून गेले. "ताई, बॉल आला का तुम्ही उठून राहिल्या. उठायचं नाही. खाली जायचं." मी म्हटलं, सर, मी खो-खोची. ते म्हणाले, "मंग तं अजून सहा महिने लागतीन."

इतके नाही लागले, पण संपूर्ण उन्हाळा गेला. नागपूरच्या मे महिन्यात सराव म्हणजे पहाटे सव्वापाच ते साडेसहा. सातला मास्कची लोखंडी जाळी गालाला चटका द्यायला लागते. छातीच्या गार्डाखाली कुर्ता पिळून निघायचा. घरी येऊन कूलरसमोर उभी राहिले की मी आणि लेक दोघींत आधी कोण यावरून भांडण. गुडघे बोलायला लागले, तेव्हा रंगाची वीस लिटरची रिकामी बादली पालथी घालून तिच्यावर बसायला लागले. साध्या चेंडूंना बादली, ड्रॉपच्या वेळी बादली बाजूला. बादलीवर बसलं की आराम असतो, पण दोन फूट बाजूला गेलेला चेंडू सोडून द्यावा लागतो.

बोलण्यावरूनही आमची एकदा वाजली. तीच सांगते, कारण चूक माझी होती. व्हिडिओ पाहून पाहून मला तिच्या हातातलं सगळं कळायला लागल्यासारखं वाटत होतं. प्रत्येक चेंडूनंतर मी काहीतरी बोलायची. मनगट उशिरा झटकलंस. पाऊल वाकडं पडलं. एका सकाळी तिने चेंडू मातीत ठेवला, बाटली उचलली आणि घरी निघून गेली. मी चिलखत घालून प्लॉटवर एकटी. दूधवाला थांबून बघत होता. तेव्हापासून आमचा ठराव आहे: मी फक्त आकडा सांगते. पट्ट्यात आला तर एक, बाहेर गेला तर शून्य. बाकीचं तिला माझ्या मिटच्या आवाजावरून कळतं. खोबणीत नीट बसला तर फट्ट वाजतो, आजूबाजूच्या घरांवर आपटून परत येतो. तो आवाज निघाला की पुढचा चेंडू ती आणखी जोरात टाकते.

तिच्या टेबलासमोर भिंतीवर जपानची पिचर उएनो हिचं चित्र आहे. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तिने दोन दिवसांत तीन सामने मिळून ४१३ चेंडू टाकले आणि अंतिम सामन्यात अमेरिकेला हरवलं. लेक मला हा आकडा महिन्यातून एकदा ऐकवते, विशेषतः मी साठाव्या चेंडूला थांबू या म्हटलं की. मी तिला विचारते, ते ४१३ घेतले कोणी? उएनोचं नाव सगळ्यांना पाठ. समोर बसलेलीचं शोधावं लागतं. पिचर आणि कॅचर या जोडीला या खेळात बॅटरी म्हणतात. आमच्या घरी दिवे गेले की लेक म्हणते, आई, चल, बॅटरी हवीय.

पावसाळा संपता संपता जिल्ह्याच्या शालेय स्पर्धा झाल्या. तिथे माझं काहीच काम नव्हतं. मी कडुनिंबाखाली इतर आयांबरोबर बसले होते, त्यांच्यातल्या दोघी दहावीला क्रीडागुण किती मिळतात याचा हिशोब करत होत्या. लेक पिचिंगला आली. पहिले चार चेंडू सरळ. पाचव्याला तिने हात फिरवायला घेतला आणि ग्लोव्हमध्ये तिची बोटं ज्या तऱ्हेने सरकली त्यावरून मला कळलं, ड्रॉप. माझे दोन्ही गुडघे आपोआप एकत्र आले, मांडीवरच्या डब्यातली तर्री शेजारणीच्या साडीवर. चेंडू प्लेटच्या वीतभर आधी पडला. वाडीच्या मुलीने उजवीकडे हात घातला, तो तिच्या कोपराखालून मागे गेला, आणि बाद झालेली बॅटर पहिल्या बेसवर. सामना आम्ही पुढे जिंकलो, पण त्या डावात एक धाव गेली.

जेवणाच्या सुट्टीत ती मुलगी माझ्याकडे आली. नडगीची गार्डं अजून पायावरच, हातात अर्धं केळं.

"काकू, तिचा तो ड्रॉप आला का तुम्ही आधी कोणता गुडघा टेकवता?"

"दोन्ही. एकदम."

"आणि हात?"

मी पर्स शेजारणीकडे दिली, ओढणी कमरेला खोचली आणि तिथेच धुळीत उकिडवी बसले. म्हटलं, टाक. तिने केळं ठेवलं, चेंडू घेतला, आणि घाबरत घाबरत अगदी हळू टाकला.

"अशी नको," मी म्हटलं. "जोरात टाक."